दोन-चार खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी : कागद, वही आणि हिशेब

खान्देशात घर भाड्याने देणारा माणूस बहुधा त्याच धंद्यातला नसतो. निवृत्तीच्या पैशातून जळगावच्या महाबळ किंवा पिंप्राळा भागात वरचा मजला चढवणारे शिक्षक, रेल्वेतून निवृत्त होऊन भुसावळात दोन ब्लॉक बांधणारे कर्मचारी, धुळ्याच्या देवपुरात वडिलोपार्जित घराचा मागचा भाग विद्यार्थ्यांना देणारे कुटुंब, पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेले आणि अमळनेरचे घर बंद ठेवण्यापेक्षा कोणाला तरी राहायला दिलेले बरे असे म्हणणारे भाऊबंद, हे येथले नेहमीचे घरमालक. त्यांचा व्यवहार ओळखीवर ठरतो. शालकाच्या मित्राने सांगितले, गावाकडचाच माणूस निघाला, की अनामतीचा आकडा तोंडी ठरतो आणि किल्ली दिली जाते. अशी घरे वर्षानुवर्षे सुरळीत चालतात हे खरे आहे. परंतु वाद झाला की दोन्ही बाजूंना वेगवेगळे आठवते, आणि त्या वेळी ओळखच सर्वांत जास्त अडचणीची ठरते. म्हणून कागद हा अविश्वासाचा नव्हे, आठवणीचा आधार आहे असे समजून पुढील गोष्टी कराव्यात, आणि जवळच्या माणसाच्या बाबतीत तर त्या अधिक काटेकोरपणे कराव्यात.

आधी आपले कागद

घर भाड्याने देण्याचा करार मालकानेच करावा लागतो, आणि येथेच पहिली अडचण येते. वडील जाऊन दहा वर्षे झालेली असतात, मालमत्ता पत्रकावर आणि महापालिकेच्या कर आकारणीत नाव त्यांचेच असते, भाडे मात्र धाकटा भाऊ घेत असतो. अशा घराचा करार करण्यापूर्वी वारस नोंद करून घ्यावी. ती लगेच होण्यासारखी नसेल तर सर्व वारसांनी मिळून करारावर सह्या कराव्यात, किंवा एका भावाला रीतसर मुखत्यारपत्र द्यावे. बहिणींची नावे गाळण्याची चूक करू नये. वारस म्हणून त्यांचाही हिस्सा असतो, आणि भाड्याच्या उत्पन्नावरचा आयकरही ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे लागतो. भाडे कोणाच्या खात्यात जमा होते यावर तो ठरत नाही. आपल्या पैशाने घेतलेले घर पत्नीला बक्षीस देऊन भाडे तिच्या नावे दाखवल्यानेही करातून सुटका होत नाही, कारण ते उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

सदनिका गृहनिर्माण संस्थेत असेल तर संस्थेला लेखी कळवावे. भाडेकरू ठेवल्याबद्दल संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, पण महाराष्ट्रात २००१ पासून त्यावर मर्यादा आहे. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही संस्थांचे पदाधिकारी सभेत ठराव करून मनमानी आकडा लावतात. तो आकडा निमूटपणे भरण्याऐवजी या मर्यादेकडे त्यांचे लेखी लक्ष वेधावे.

भाडेकरू केव्हा आणि कसा निवडावा

आपल्याकडे सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचे) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते, तसे भाड्याच्या घराचे साल जूनला बदलते. शिक्षकांच्या व सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या मे महिन्याच्या आसपास होतात, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैत होतात, आणि जळगावचे विद्यापीठ, धुळ्याचे वैद्यकीय महाविद्यालय, शिरपूरची शैक्षणिक संकुले यांच्या आसपासची मागणी याच दोन-तीन महिन्यांत उसळते. दिवाळीनंतर रिकामी झालेली खोली मात्र पुढच्या मे महिन्यापर्यंत तशीच पडून राहू शकते. म्हणून कराराची मुदत शक्यतो मे अखेरीस संपेल अशी ठेवावी. १ जुलैला सुरू झालेला ११ महिन्यांचा करार ३१ मे रोजी संपतो. तोच करार मध्येच कुठे ऑक्टोबरात सुरू होत असेल तर पहिल्या वेळी मुदत ८ महिन्यांची करून तो या चक्रात आणावा. दीपनगरचे औष्णिक केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी, भुसावळची रेल्वे आणि जळगावची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने चालणाऱ्या घरांना हा हंगामी चढउतार कमी जाणवतो, तरी मुलांच्या शाळा त्यांनाही असतातच.

भाडेकरू निवडताना आडनाव आणि जात विचारण्याची आपल्याकडची खोड सोडावी. ती अन्यायाची तर आहेच, शिवाय व्यवहार म्हणूनही निरुपयोगी आहे, कारण भाडे वेळेवर येईल की नाही हे तिच्यावरून कळत नाही. ते कळते कामावरून आणि मागच्या घरमालकाकडून. नोकरीचे ओळखपत्र किंवा वेतनचिठ्ठी पाहावी, आधी जिथे राहत होते त्या घरमालकांना फोन करावा आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा: पुन्हा जागा रिकामी झाली तर याच कुटुंबाला द्याल का? उत्तराआधीचा थांबा पुरेसे सांगून जातो. भाडे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जात असेल तर माणूस कितीही सज्जन असला तरी दोन-तीन महिन्यांत ओढाताण सुरू होते. व्यापारी किंवा शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करावा लागतो. कापूस विकला जाईपर्यंत हातात पैसा नसतो आणि नंतर एकदम येतो, त्यामुळे तीन महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची लेखी सोय दोघांनाही सोयीची पडते.

विद्यार्थ्यांना खोली देताना प्रत्येक मुलाचा नव्हे, एकाच जबाबदार व्यक्तीचा करार करावा, आणि तीही शक्यतो पालक असावी. १८ वर्षांखालील मुलाची सही करारात चालत नाही. चौघांपैकी एक मध्येच सोडून गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्यांनी द्यायचा की मालकाने सोसायचा, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे टाळू नये. ती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज करून देता येते. छायाचित्र, आधार, कायमचा पत्ता आणि कामाचे ठिकाण एवढी माहिती पुरते. दिल्याची पोच जपून ठेवावी, कारण पुढे काही गैर घडले तर मालकाकडे पहिली मागणी त्या पोचेचीच होते.

करार

या भागात सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की ११ महिन्यांचा करार पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केला की काम झाले, कारण वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी लागत नाही. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यापुरते हे बरोबर होते आणि ११ महिन्यांची प्रथा तेथूनच आली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने दिले असो वा लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने, मुदत कितीही असली तरी करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्यवहाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. भाडे पाच हजार ठरले होते, अनामत लाखाची दिली होती, असे त्याने म्हटले तर ते खोडून काढण्याचे ओझे मालकाच्या डोक्यावर येते.

राहण्याच्या जागेसाठी लिव्ह अँड लायसन्स करारच करावा. त्यात भाडेकरूला जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही, आणि मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा तुलनेने जलद मार्ग उघडतो. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला करारातील दराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कागदावर ‘भाडेपट्टा’ आणि ‘भाडेकरू हक्क’ असे शब्द बेफिकीरपणे लिहिले गेले तर हा मार्ग अडखळतो. म्हणून मसुदा एखाद्या जुन्या कराराची नक्कल करून टंकलेखकाकडून काढून घेण्याऐवजी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील नमुन्यातच भरावा.

खर्चाची भीती वाटते, पण खर्च लहान आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न करायची रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर लागते. दरमहा ८,००० रुपये भाडे, २५,००० रुपये अनामत आणि ११ महिने मुदत असेल तर ८८,००० अधिक २,२९२ अशी ९०,२९२ रुपयांची बेरीज होते, आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण २२६ रुपये. नोंदणी फी महापालिका व नगरपालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. वर किरकोळ शुल्क आणि सेवा देणाऱ्याची मजुरी येते. म्हणजे खरा खर्च मुद्रांकाचा नसून दरवर्षी पुन्हा नोंदणी करण्याचा आहे.

म्हणूनच भाडेकरू पारखलेला असेल तर ११ महिन्यांच्या सवयीला चिकटून राहण्याचे कारण नाही. तीन वर्षांचा करार करून पहिल्या वर्षी ८,०००, दुसऱ्या वर्षी ८,४०० आणि तिसऱ्या वर्षी ८,८२० असे वाढते भाडे त्यातच लिहिले, तर एकूण भाडे ३,०२,६४० रुपये, अनामतीचे व्याज ७,५०० रुपये आणि मुद्रांक शुल्क सुमारे ७७५ रुपये होते, नोंदणी फी मात्र एकदाच भरावी लागते. भाडेवाढीची अवघड बोलणीही दरवर्षी करावी लागत नाहीत. मे अखेरीचा नियम सांभाळायचा असेल तर जुलैपासून ३५ महिने धरावेत. नव्या, अनोळखी भाडेकरूबरोबर मात्र पहिला करार ११ महिन्यांचाच करावा.

नोंदणी आता घरबसल्या होते. आधारशी जोडलेल्या अंगठ्याच्या ठशावर ती चालते आणि अधिकृत सेवा पुरवठादार उपकरण घेऊन घरी येतात. मालक सुरतेत आणि भाडेकरू नंदुरबारात असला तरी दोघांनी एकाच वेळी एकाच टेबलाशी बसण्याची गरज उरलेली नाही.

करारात भाडे, अनामत, मुदत हे तर येतेच, पण वाद त्यांच्यावरून फारसा होत नाही. तो होतो न लिहिलेल्या गोष्टींवरून. भाडे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, वीज व पाण्याचे पैसे कसे मोजायचे, मुदतीपूर्वी सोडायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, गच्ची आणि दुचाकी लावण्याची जागा कोणाची, बोअरचा पंप कोण आणि किती वेळ चालवणार, रंग कोणी द्यायचा, एवढे तरी लिहावे. आणखी एक अट खास आपल्या हवामानासाठी असावी. मार्चपासून प्रत्येक खिडकीला कुलर लागतो. खिडकीचे गज कापून लोखंडी स्टँड बसवण्यास परवानगी आहे की नाही, पाणी कोणत्या नळाचे वापरायचे, आणि घर सोडताना गज पूर्ववत कोण करून देणार, हे आधी ठरले नाही तर ते अनामत परत करण्याच्या दिवशी ठरवावे लागते, आणि तो दिवस त्यासाठी चांगला नव्हे.

किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत आणि पंखे, ट्यूबलाइट, नळ, बेसिन, कुलूपकिल्ल्या यांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्याच कागदावर त्या दिवशीचे मीटर वाचन लिहावे. अनामत दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याएवढी ठेवणे आपल्या गावांत पुरेसे असते. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने घेण्यावर आणि परत करण्यावर आयकर कायद्यात निर्बंध असल्यामुळे ती बँकेतूनच घ्यावी आणि बँकेतूनच परत करावी.

वीज आणि पाणी

एका मीटरवर दोन-तीन कुटुंबे ठेवणे मालकाला सोपे वाटते, पण ते महाग पडते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याने वाढतो: पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, आणि पुढे आणखी. दोन कुटुंबांनी प्रत्येकी १५० युनिटे स्वतंत्र मीटरवर वापरली तर एकूण २०० युनिटे पहिल्या टप्प्यात बसतात. तीच ३०० युनिटे एका मीटरवर आली की स्वस्त टप्पा फक्त १०० युनिटांना मिळतो, आणि उन्हाळ्यात कुलर सुरू झाल्यावर वरच्या दराचा भार कोणी उचलायचा यावरून धुसफूस सुरू होते. त्यामुळे स्वतंत्र प्रवेश व स्वयंपाकघर असलेल्या प्रत्येक भागासाठी वेगळी जोडणी घेणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर सबमीटर बसवून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वाचनाचे छायाचित्र भाडेकरूला पाठवावे, आणि प्रत्यक्ष बिलाच्या सरासरी दरानेच पैसे घ्यावेत. विजेवर नफा काढण्याचा मोह धरू नये. भाडेकरू एका खोलीत शिकवणी, शिवणकाम किंवा दुकान चालवू लागला तर घरगुती जोडणीचा व्यावसायिक वापर ठरू शकतो. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि बिल मालकाच्या नावे असते. करारात वापर फक्त राहण्यासाठी असे लिहिलेले असावे, आणि ते लिहिल्यावर अधूनमधून पाहतही जावे.

सुरक्षिततेच्या एका बाबीत काटकसर करू नये. लोखंडी पत्र्याच्या कुलरमधून विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. घराला व्यवस्थित अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे ईएलसीबी उपकरण असलेच पाहिजे. ते बसवण्याचा खर्च एका महिन्याच्या भाड्यापेक्षा सहसा कमी असतो, आणि तो मालकानेच करावा.

पाण्याचे वेळापत्रक भाडेकरूला आधी खरे सांगावे. खान्देशातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात हे अंतर आणखी वाढते. टाकीची क्षमता, पाणी येण्याचे दिवस, टँकर मागवावा लागल्यास त्याचे पैसे कोणी व कोणत्या प्रमाणात द्यायचे, हे स्पष्ट असले की एप्रिल-मे बिनतक्रार निघतो. टाकी धुणे, गच्चीच्या भेगा बुजवणे, पावसाळी पाइप मोकळे करणे ही कामे मे महिन्यात, म्हणजे घर रिकामे होण्याच्याच सुमारास येतात, ही मे अखेरीच्या कराराची आणखी एक सोय.

वही आणि कर

भाड्याचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळले की घराने किती कमावले हे कधीच कळत नाही. भाड्यासाठी एक वेगळे बचत खाते ठेवावे, सर्व भाडेकरूंना त्यावरच यूपीआयने किंवा थेट बँकेतून पैसे भरायला सांगावे, आणि घराचा प्रत्येक खर्च त्याच खात्यातून करावा. वहीत प्रत्येक खोलीला एक पान द्यावे. रोखीने भाडे घेतलेच तर पावती लगेच द्यावी. रक्कम ५,००० रुपयांहून जास्त असेल तर पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे. पावती देणे हे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

आता एक हिशेब पाहू. उदाहरणादाखल वरच्या मजल्यावरचे दोन ब्लॉक ८,००० आणि ६,५०० रुपयांनी दिले आहेत असे समजू. मालकाच्या मनात महिन्याचे साडेचौदा हजार, म्हणजे वर्षाचे १,७४,००० रुपये बसलेले असतात. लहान ब्लॉक एक महिना रिकामा राहिला, तर १,६७,५०० उरतात. या भागाची घरपट्टी ९,०००, दुरुस्ती आणि रंग २०,०००, करार व नोंदणी ४,००० रुपये धरली, तर हातात १,३४,५०० येतात, म्हणजे महिन्याला सुमारे ११,२०० रुपये. कर्जाचा हप्ता किंवा घरखर्च साडेचौदा हजारांच्या आधारावर बसवला असेल तर ओढाताण येथून सुरू होते. यातूनही दरमहा भाड्याचा दहावा हिस्सा राखीव म्हणून आवर्ती ठेवीत टाकावा. मोटार जळणे, गच्ची गळणे आणि घर दोन महिने रिकामे राहणे या गोष्टी वेळ विचारून येत नाहीत. भाडेकरूची अनामत ही परत करायची रक्कम आहे. ती या राखीव निधीतही धरू नये आणि मुलीच्या लग्नातही खर्चू नये. तिची मुदत ठेव करून ठेवावी.

आयकराचा हिशेब वेगळा असतो आणि तो पुष्कळांना उगाच अवघड वाटतो. मिळालेल्या भाड्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, आणि उरलेल्या रकमेच्या सरसकट ३० टक्के वजावट मिळते. वरच्या उदाहरणात १,६७,५०० मधून ९,००० गेले की १,५८,५०० राहतात, त्यांचे ३० टक्के म्हणजे ४७,५५०, आणि करपात्र उत्पन्न १,१०,९५० रुपये. दुरुस्तीवर प्रत्यक्षात दोन हजार खर्च झाले असोत वा लाख, या ३० टक्क्यांत बदल होत नाही, त्यामुळे रंगाच्या बिलांचा गठ्ठा कर सल्लागाराकडे नेण्याची गरज नसते. घरपट्टी मात्र ज्या वर्षी भरली त्याच वर्षी वजा होते, आकारली गेली पण भरली नाही तर होत नाही. शिवाय महापालिका हद्दीत थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. शास्तीमाफीच्या योजनेची वाट पाहत घरपट्टी थकवणे हा हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे.

घरावर कर्ज असेल तर भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. व्याज भाड्यापेक्षा जास्त झाले तर जुन्या करप्रणालीत त्या तोट्यापैकी वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतची रक्कम पगार किंवा पेन्शनसारख्या इतर उत्पन्नातून वळती होते, नव्या प्रणालीत होत नाही. मोठे कर्ज काढून भाड्यासाठी ब्लॉक घेणाऱ्याने प्रणाली निवडण्यापूर्वी दोन्ही रीतींनी आकडे मांडून पाहावेत. नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून साधारण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असलेल्या निवासी व्यक्तीला सवलतीमुळे कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक लहान घरमालकांना भाडे लपवण्याचे कारणच राहिलेले नाही. उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेपलीकडे जात असेल तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावे लागते, हे मात्र विसरू नये. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने जुन्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

भाडेकरू नोकरदार असेल आणि वार्षिक भाडे १ लाखाहून अधिक असेल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी तो मालकाचा पॅन मागतो. पॅन देण्यास नकार देऊन किंवा पावतीवर कमी रक्कम लिहून काही साधत नाही. दोघांची विवरणपत्रे एकाच खात्याकडे जातात.

भाडे थकले तर

पहिल्या महिन्याला आठवण, दुसऱ्या महिन्याला लेखी आठवण, आणि तिसऱ्या महिन्याच्या आत वकिलाची नोटीस, असा क्रम मनाशी ठरवून ठेवावा. बहुतेक मालक संकोचाने सहा-आठ महिने गप्प राहतात आणि थकबाकी अनामतीच्या पुढे गेल्यावर एकदम चिडतात. भाडेकरूच्या घरी आजारपण किंवा नोकरी जाणे असे खरे कारण असेल तर हप्ते बांधून द्यावेत, पण तेही लिहून आणि दोघांच्या सहीने.

रागाच्या भरात नळ बंद करणे, वीज तोडणे, सामान बाहेर काढणे किंवा कुलूप बदलणे यांपैकी काहीही करू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार अत्यावश्यक सोयी तोडणे दंडनीय आहे, आणि असे केल्याने पैसे बुडवणाऱ्या भाडेकरूच्या बाजूने न्यायालयात सहानुभूती तयार होते. जुन्या पद्धतीच्या, लिव्ह अँड लायसन्स नसलेल्या भाडेकरूविरुद्ध थकबाकीच्या कारणाने दावा लावायचा तर लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, म्हणून नोटीस लवकर गेलेली बरी. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते’ ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. मालकाच्या परवानगीने राहणारा माणूस केवळ वर्षे उलटल्याने मालक होत नाही. या भीतीपोटी चांगल्या कुटुंबाला दर दोन वर्षांनी घर बदलायला लावणारे मालक दोन्हीकडून नुकसान करून घेतात.

दुकानाचा गाळा असेल तर

गाळ्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कलम २४ मधील जलद मार्ग राहण्याच्या जागेसाठी आहे, गाळ्यासाठी नाही. त्यामुळे गाळ्याचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा आणि अनामत थोडी जास्त ठेवावी. दुसरी गोष्ट जीएसटीची. मालकाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची गरज पडत नाही, परंतु गाळा घेणारा व्यापारी जीएसटी नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर त्यानेच थेट भरायचा असतो, कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या) योजनेतले व्यापारी वगळून. हा कर भाड्यातून कापून घेण्याचा प्रयत्न काही व्यापारी करतात. करारात ‘भाडे जीएसटी सोडून’ असे तीन शब्द असले की तो प्रश्न येत नाही.

घर सोडताना

निघण्याच्या आठवडाभर आधी भाडेकरूसोबत यादी हातात घेऊन घर पाहावे. भिंतीचा मळलेला रंग, झिजलेले नळाचे वायसर, दाराची सैल कडी ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापू नयेत. फुटलेले बेसिन, कापलेले गज आणि थकलेले वीजबिल यांचे कापावेत, आणि प्रत्येक कपातीचे बिल दाखवावे. शेवटचे मीटर वाचन दोघांनी मिळून घ्यावे, उरलेली अनामत ताबा मिळाल्याच्या दिवशीच खात्यावर पाठवावी, आणि ‘जागेचा रिकामा ताबा मिळाला, अनामतीचा हिशेब पूर्ण झाला’ अशा दोन ओळींच्या ताबापावतीवर दोघांच्या सह्या घेऊन ती मूळ करारास टाचावी. मुदतीपूर्वी घर सोडले असेल तर तारीख स्पष्ट लिहावी, नाहीतर नोंदणीकृत करारानुसार तो माणूस कागदोपत्री त्याच घरात राहत असतो. पोलीस ठाण्याला आणि गृहनिर्माण संस्थेला त्याच आठवड्यात कळवावे, आणि नवी किल्ली देण्यापूर्वी कुलूप बदलून घ्यावे.